डभोईकडच्या धरणग्रस्त वसाहतीत आर्ट प्रोजेक्ट करायचंय, कसं करू? आणि मुळात करू का?

सुरसागर_काठ

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढले, फाइन आर्ट्सला पेंटिंग केलं आणि आता पोटासाठी फरसाणाच्या पाकिटांची डिझाइनं करते. हसू नका, पैसे वेळेवर मिळतात. प्रश्न जरा लांब आहे, आधीच सॉरी.

आमची छपाई डभोईच्या बाजूला एका युनिटमध्ये होते म्हणून तिकडे जाणं असतं. एकदा चहाच्या टपरीवर मी फोनवर आईशी मराठीत बोलत होते तर बाजूच्या बाकावरचे आजोबा म्हणाले, तुमी महाराष्ट्रातले का, आमी पण. बोलता बोलता कळलं की ते मूळचे अक्कलकुवा तालुक्यातले, नर्मदाकाठचे, सरदार सरोवरात गाव गेलं, इकडे जमीन मिळाली आणि आता वसाहतीत राहतात. डभोई, वाघोडिया, संखेडा सगळीकडे अशा वसाहती आहेत म्हणे.

तेव्हापासून डोक्यात हे घोळतंय. वसाहतीतल्या म्हाताऱ्या माणसांकडून बुडालेल्या गावांचे नकाशे आठवणीतून काढून घ्यायचे, ते मोठ्या कापडावर छापायचे, त्यांचे आवाज रेकॉर्ड करायचे, त्यावर जुने सर्व्हेचे नकाशे प्रोजेक्टरने टाकायचे. आणि दुसऱ्या भागात आपण, म्हणजे मराठी बडोदेकर, घरात मराठी, बाहेर गुजराती, आपण पण कुठून तरी येऊन इथले झालो ना, ते त्याला जोडायचं. एका रेसिडेन्सीचा (कलाकाराला काही दिवस राहून काम करायला जागा देतात ना, त्याचा) फॉर्म भरतेय, त्यात स्वतःला ट्रान्सडिसिप्लिनरी, म्हणजे अनेक विषय मिसळून काम करणारी आर्टिस्ट लिहिलंय आणि जमीन, हद्द, विस्थापन, समाजाची ओळख असे सगळे वजनदार शब्द पण टाकलेत.

आता घोळ असा की घरी आजोबा विचारतात, यात चित्र कुठंय? त्यांच्यासाठी चित्र म्हणजे राजवाड्यातला रविवर्मा, फार तर कीर्ती मंदिरातले नंदलाल बोस, त्यापुढे सगळं नाटक. त्यांना उत्तर काय द्यायचं ते एक, पण खरी धाकधूक वेगळीच आहे. मी दांडिया बाजारातली ब्राह्मण घरातली मुलगी तिथं वही आणि रेकॉर्डर घेऊन जाणार, लोकांच्या बुडालेल्या घराचं कापड करणार, ते गॅलरीत टांगणार आणि नाव माझं होणार, हे बरोबर वाटतंय का तुम्हाला? कोणी असं काम केलंय, जवळून बघितलंय? सल्ला द्या, शिव्या पण चालतील.

कोळसा_आणि_खडू

शिव्या नंतर, आधी आजोबांचं बघू.

त्यांना प्रभाकर पाचपुतेंचं काम दाखव. १९८६ चा जन्म, चंद्रपूर जिल्ह्यातलं सास्ती गाव, राजुऱ्याजवळ, आजूबाजूला उघड्या कोळसा खाणी, घरातल्या पिढ्या खाणीत कामाला. खैरागडला शिल्पकला केली आणि मग एमएफए आपल्या बडोद्यालाच. ते सरळ भिंतीवर कोळशाने काढतात. म्हणजे ज्या वस्तूसाठी जमीन खणली त्याच वस्तूने त्या जमिनीचं चित्र. माणसाचं धड असतं आणि डोक्याच्या जागी दिवा नाहीतर काहीतरी यंत्र, शेतकरी आणि अवजार एकमेकांत मिसळून गेलेले. शिवाय ॲनिमेशन आहे, शिल्पं आहेत, आवाज आहे. २०१४ ला कोचीच्या बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात होते, २०२२ ला व्हेनिसच्या. आजोबांना सांग की रेघ अजून हातानेच काढतात, त्यांचा जीव शांत होईल.

मग झरीना. जन्म १९३७, अलीगढ, फाळणीनंतर काही वर्षांनी घरचे पाकिस्तानात गेले आणि ही बाई आयुष्यभर देशोदेशी. लाकडी ठशांनी राहत्या घरांचे नुसते प्लॅन छापायची, भिंती, दारं, अंगण, बस. माणूस एकही नाही आणि तरी बघताना पोटात कालवतं. नकाशा हेच चित्र असू शकतं हे कोणाला पटवायचं असेल तर तिच्याकडे जावं. आणि लांब कशाला, बडोद्यातच गुलाममोहम्मद शेख आहेत, त्यांची मप्पामुंडी मालिका म्हणजे युरोपातल्या मध्ययुगीन जगाच्या नकाशाच्या आत कबीर, मीरा, मजनू असे सगळे आणून बसवलेत.

पण तुझ्या दुसऱ्या प्रश्नासाठी नवज्योत अल्ताफ बघ, आणि नीट बघ. मुंबईच्या बाई, १९९७ पासून बस्तरला कोंडागावात जाऊन काम करतायत, राजकुमार कोर्राम, शांतीबाई, गेसूराम या तिथल्याच कलाकारांबरोबर, आणि त्यांची नावं बरोबरीने लागतात. त्यातलं एक काम म्हणजे नळपार, गावातल्या हातपंपांच्या जागा. पाणी वाहून जायला वाट, हंडा डोक्यावर घेण्याआधी टेकवायला योग्य उंचीची जागा, आणि त्याभोवती तिथल्या लोकांच्या आकृत्या, चिन्हं. बाई वाकते कशी, उचलते कशी, हे बघून शिल्प केलेलं. तिथं गॅलरी बंद असो की चालू, बायका रोज पाणी भरणार.

आणि चित्र काढायला तू त्यांना शिकवायला निघाली असशील तर आधी छोटा उदेपूरला जाऊन राठवा आदिवासींचा पिठोरा, म्हणजे त्यांचं नवसाचं भिंतीवरचं चित्र बघून ये. नवस असतो, बडवा म्हणजे भगत येतो, लखारे म्हणजे चित्र काढणारे घराच्या आतल्या भिंतीवर रात्रभर घोडे रंगवतात, देव, शेत, जनावरं, सगळा मुलूख एका चौकटीत. लॅण्डस्केप आणि टेरिटरी वगैरे जे तू फॉर्मवर लिहिलंस ते तिथं भिंतीवर आधीच आहे. आणि ते भिंतीचंच चित्र आहे, घर उठवलं तर गुंडाळून नेता येत नाही. तेजगढला आदिवासी अकादमी आहे, गणेश देवींनी उभी केलेली, तिथून सुरुवात कर, गॅलरीतून नको.

करदाता_गोत्री

मला कोणी सांगेल का की गॅलरीत कापड टांगल्याने कोणाची जमीन परत येते? कच्छ-सौराष्ट्रात पाणी पोचलं याच धरणाने, त्याचं कोणी कापड छापत नाही. विस्थापन हा विषय सध्या चालतो म्हणून सगळे त्याच्याच मागे. उद्घाटनाला लिनन घातलेली मंडळी, हातात ग्लास, कोपऱ्यात रेकॉर्डरवर एक म्हातारा बोलतोय आणि कोणी ऐकत नाहीये. बघितलंय मी हे. बाकी मुलगी प्रामाणिक दिसते म्हणून एवढंच लिहितो.

निवृत्त_कॅनॉलवाला

करदाते साहेब, पाणी पोचलं हे खरं आहे, मी स्वतः मुख्य कालव्यावर नोकरी काढली, गुजरातमधली लांबी ४५८ किलोमीटर, राजस्थानच्या हद्दीपर्यंत, त्याचा अभिमान मला आजही आहे. पण पाणी पोचलं म्हणून खाली काय गेलं ते मोजूच नये असं कुठं लिहिलंय. मोजणं हे आमचं कामच होतं. महाराष्ट्रातली ३३ गावं, गुजरातची १९, आणि मध्य प्रदेशातली १९० च्या वर. आणि कालव्यात ज्यांची शेतं गेली त्यांना ट्रिब्युनलचं, म्हणजे राज्यांमधला नर्मदेचा तंटा सोडवणाऱ्या लवादाचं, जमिनीला जमीन पॅकेज लागू नव्हतं, त्यांच्याबद्दल तर कोणी बोलतच नाही, ना आंदोलनवाले ना कलावाले.

आता मुलीला कामाचं सांगतो. नकाशा करणार असशील तर धरणाचे आकडे नीट समजून घे. धरण पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी १३८.६८ मीटर. हा असा विचित्र आकडा का, तर १९७९ च्या ट्रिब्युनलच्या निवाड्यात ती ४५५ फूट ठरली, त्याचे मीटर केले की हे येतात. तसंच १२१.९२ म्हणजे बरोबर ४०० फूट, भिंत २००६ पासून बरीच वर्षं तिथं थांबली होती, मग दरवाजे बसले आणि २०१७ ला ते बंद झाले. त्याआधी ८०.३ मीटरला कोर्टाच्या स्थगितीने १९९५ पासून काम अडलं, २००० च्या निकालानंतर ९०, मग २००४ ला ११०.६४. यातला एकेक आकडा म्हणजे डोंगरावरची एकेक आडवी रेघ, आणि त्या रेघेच्या खाली कोणाचं घर आलं आणि वर कोणाचं राहिलं त्यावर कोण कधी उठलं ते ठरलं. एकाच गावात खालचा पाडा आधी, वरचा दहा वर्षांनी. कापडावर गाव एकदम बुडालेलं दाखवशील तर ते चूक होईल, गाव पायरीपायरीने गेलंय.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट, म्हणजे उंचीच्या रेघा असलेले नकाशे मिळव, एक इंचाला एक मैलवाल्या मिळाल्या तर उत्तम, त्यात उंची फुटात असते. ४५० फुटांची रेघ सापडली तर पेन्सिलीने गिरव, पाण्याची कड तिच्या जरा वर. नंतरच्या पन्नास हजारी (१:५०,०००) शीटवर १४० मीटरची रेघ धर आणि जरा आत ये. गूगल अर्थवर टाइमलॅप्स आहे १९८४ पासूनचा, त्यात नदीचं सरोवर होताना वर्षावर्षाला दिसतं, फुकट आहे.

आणि एक, हे मी नोकरीत असताना बोललो नसतो. केवडिया कॉलनीसाठी सहा गावांची जमीन १९६१-६२ लाच घेतली, केवडिया, वाघडिया, लिमडी, नवागाम, गोरा, कोठी, मुख्यतः तडवी लोक. ट्रिब्युनल त्यानंतर आलं, त्यामुळे ही मंडळी धरणग्रस्तांच्या व्याख्येतच बसेनात. आज तिथं १८२ मीटरचा पुतळा बघायला आपण सगळे जातो, स्टेशनचं नाव पण बदलून एकता नगर झालं. तुझ्या नकाशात ही सहा नावं जुन्या नावांनी यावीत असं मला वाटतं. बाकी कलेतलं मला कळत नाही.

राजवाड्यामागचा_इंदौरी

आजोबांचा पॉइंट सोडू नका हो, आमच्याकडून पण ऐका. लॅण्डस्केप म्हटलं की आम्हा इंदौरवाल्यांना चित्रकार बेंद्रेच आठवणार. जन्म इंदौरचा, देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झाले आणि पुढे तुमच्याच बडोद्याला पेंटिंग डिपार्टमेंटचे हेड. त्यांच्या चित्रातले घाट, गल्ल्या बघून आम्ही मोठे झालो. पण त्या पद्धतीत एक गोष्ट असते बघा, चित्रकार स्टूल टाकून बसतो आणि समोरचा देखावा उद्या पण तिथंच राहणार हे धरून चालतो. हरसूदनंतर आमच्या इकडे ते धरून चालता येत नाही.

हरसूद माहीत असेल, खंडवा जिल्हा, इंदिरा सागरमध्ये गेलं. गाव नव्हे, चांगलं शहर, बाजार, शाळा, रेल्वे स्टेशन, सगळं. १९८९ ला तिथंच देशभरातले लोक जमले होते विरोधाला, आणि पंधरा वर्षांनी, २००४ च्या जूनमध्ये, खाली करायची तारीख लागली. माझी आत्या होती तिथं. लोक आपलीच घरं आपल्या हातांनी पाडत होते, कारण विटा, चौखटी, पत्रे, जे निघेल ते न्यायचं होतं आणि पाडल्याशिवाय पुढचं काही हलत नव्हतं. फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, स्वतः छतावर घण घेऊन चढले. आत्या खाली उभी राहून सांगत होती की अहो ती खिडकी अख्खी काढा. ती खिडकी आजही छनेऱ्याला, जिथं हरसूद नव्याने वसवलं तिथं, नव्या घरात आहे, पण साइज जुळेना म्हणून वर वीतभर प्लायवूड ठोकलंय.

हे मी का लिहितोय तर बघ बेटा, फोटोवाले, फिल्मवाले तेव्हा खूप आले होते हरसूदला. आत्याचे पण फोटो काढले. एकानेही कॉपी पाठवली नाही. ती आजपण विचारते की माझ्या घराचा तो फोटो कुठं असेल रे, कारण तिच्याकडे स्वतःकडे घराचा एक पण फोटो नाहीये. कुठल्या तरी शहरात कोणाच्या तरी कपाटात आहे. तू जे काय करशील त्याची पहिली प्रत त्यांच्या घरी गेली पाहिजे, दुसरी मग गॅलरीला दे, नाही दिली तरी चालेल.

आणि तो दुसरा भाग, आपण मराठी पण कुठून तरी आलो वाला, तो मला जमलेला वाटत नाही. तुम्ही गायकवाडांच्या मागे आलात, आम्ही होळकरांच्या मागे. फौजेबरोबर, दफ्तराबरोबर, देवघराबरोबर. वाडे मिळाले, नोकऱ्या मिळाल्या. १९४९ ला तुमचं संस्थान विलीन झालं तेव्हा मान कमी झाला असेल, घर नाही बुडलं. त्या आजोबांना उठवलं आणि आपल्याला बोलावलं, हे दोन्ही एका कापडावर शेजारी शेजारी टाकलंस तर बघायला छान दिसेल पण खोटं असेल. हां, आपण नकाशात आहोतच, पण नकाशा काढणाऱ्यांच्या बाजूला. दफ्तरात मोडी लिहिणारे, जमिनी मोजणारे आपलेच आजे-पणजे होते ना. ते टाक, मग मजा आहे.

डभोईचा_मास्तर

वरचं सगळं वाचलं. मी एका वसाहतीजवळच्या प्राथमिक शाळेत शिकवलंय, आता रिटायर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ही माणसं गरीब बिचारी म्हणून जाऊ नका. ट्रिब्युनलप्रमाणे खातेदाराला कमीत कमी दोन हेक्टर, म्हणजे पाच एकर जमीन मिळाली, काहींची जमीन उत्तम आहे, कापूस-तूर घेतात, ट्रॅक्टर आहेत, पोरं बडोद्याला नोकरीला आहेत. काहींना पाणी तुंबणारी, क्षारवट जमीन आली आणि ते अजून दफ्तरात खेटे घालतायत. दोन्ही खरं आहे आणि एकाच गल्लीत आहे. तुम्ही फक्त रडणाऱ्यांना रेकॉर्ड केलंत तर शेजारचा ट्रॅक्टरवाला तुम्हाला हसेल.

दुसरं, घरं बघा. डोंगरात यांची घरं एकमेकांपासून लांब, प्रत्येकाच्या शेतात, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, चार-सहा घरांचं एक फळियं. इथं ६० बाय ९० फुटांचे प्लॉट, सरळ रेषेत, मधून रस्ता. पहिली काही वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली, उन्हाळ्यात आत बसवत नसे. मग लोकांनी नदीकाठचं घर उतरवून आणलेला साग वापरून परत घरं बांधली. त्या खांबांना जुन्या जोडाच्या खाचा आहेत, इथल्या मापात त्या कशातच बसत नाहीत, खांबाच्या मध्यावरच एक चौकोनी भोक. त्यात कोणी बिडीचं बंडल ठेवतं, कोणी रेशनकार्डाची गुंडाळी, एका घरात तर मोबाइलचा चार्जर बघितला. तुम्ही फाइन आर्ट्सवाले आहात, तुम्हाला सांगायला नको की या खाचा जुळवल्या तर जुनं घर कसं उभं होतं ते काढता येईल. म्हाताऱ्याला नुसतं विचारा, हा खांब कुठला, तो स्वतःच उठून घर उभं करून दाखवेल, हा ओसरीचा, हा गोठ्याच्या बाजूचा, इथं म्हातारी झोपायची.

नकाशाबद्दल. कागद दिलात आणि गाव काढा म्हणालात तर काढणार नाहीत, लाजतात, नाहीतर शाळेतलं डोंगर-सूर्य-झोपडी काढून देतील. अंगणात राखेने नाहीतर पिठाने काढायला लावा, आणि एकाला नको, चार-पाच जण एकदम बसवा म्हणजे भांडणं होतील. भांडणं झाली पाहिजेत. मी शाळेच्या अंगणात एकदा करून बघितलंय, पालकसभेला आलेल्या मंडळींकडून. उत्तर वर वगैरे काही नाही. नदी कुठं वाहते ते आधी ठरलं आणि बाकी सगळं तिच्या हिशोबाने. पुरुषांनी शेतं काढली आणि थांबले. बायकांनी पाणवठ्याच्या वाटा काढल्या, मोहाची झाडं काढली, आणि प्रत्येक झाड कोणाचं ते पण सांगितलं, कारण तिकडे मोहाचं झाड ज्याचं त्याचं असतं, शेत दुसऱ्याचं असलं तरी. एका झाडावरून दोन जावांचं असं जुंपलं की सभा तिथंच संपली. झाड पाण्याखाली जाऊन कित्येक वर्षं झालेली. हे तुम्हाला टोपोशीटमध्ये मिळणार नाही, कॅनॉलवाले साहेबांनी राग मानू नये.

म्हणून कापड छापायचंच असेल तर एक नका छापू. जेवढी भांडणं तेवढे नकाशे. आणि छापायच्या आधी कच्चं कापड घेऊन परत जा, अंगणात पसरा, चुका काढू द्या, त्यावरच खडूने खोडू द्या. ते खोडलेलंच छापा.

देवांचं जपून. मणिबेलीजवळचं शूलपाणेश्वराचं देऊळ पाण्यात गेलं आणि गोऱ्याला सरकारने नवं बांधून दिलं, तिथं आता गाड्या लागतात. पण गावदेव, वाघदेव यांचं तसं नाही, ते झाडाखाली, दगडापाशी असतात, काही आणले, काही आणता येत नाहीत. याबद्दल स्वतःहून बोलले तर ऐका, नकाशावर जागा दाखवा म्हणून मागे लागू नका.

भाषेचं पण एक बघा. जी पिढी तिकडे मराठी शाळेत दोन-चार यत्ता गेली ती इथं आली, त्यांची मुलं माझ्याकडे गुजराती शाळेत, घरात भिलोरी, म्हणजे भिलांची बोली. राज्य बदललं म्हणून दाखल्यांच्या भानगडी वेगळ्या. ते टपरीवरचे आजोबा तुम्हाला आमी पण म्हणाले ते उगाच नाही, पण त्यांचा नातू तसं म्हणणार नाही. नातवाला पण विचारा, त्याला तिकडचं काही सोयरसुतक नाही असं तो म्हणाला तर ते पण रेकॉर्ड करा.

पैसे. बसून बोलायला बोलावलंत तर त्या दिवसाची मजुरी बुडते, ती द्या, लाजू नका आणि त्यांना लाजवू नका. कापूस वेचणीत जाऊ नका. पहिल्या खेपेला रेकॉर्डर पिशवीतच ठेवा. बाहेरून आलेल्यांनी वह्या भरभरून नेल्यात आणि परत कोणी तोंड दाखवलं नाही, त्यामुळे दोन-तीन वेळा चहा पिऊन नुसतं परत यायची तयारी ठेवा.

सुरसागर_काठ

बापरे. एवढं मिळेल असं वाटलंच नव्हतं, थँक्यू सगळ्यांना, करदाते साहेबांना पण.

इंदौरकर काका, तुमचं वाचून दुसरा भाग मी फॉर्ममधून उडवला. म्हणजे पूर्ण नाही, आमच्या घरी पणजोबांची मोजणी खात्यातली एक पितळी साखळी आहे, शेतं मोजायची, माळ्यावर पडलेली असते, आजोबा तिला हात लावू देत नाहीत. ती आणायची का कामात, यावर विचार करतेय. आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणाले साखळी मिळणार नाही, पण ती कशी धरतात ते मी दाखवीन. आता हा होकार की नकार कोण जाणे.

मास्तर, अंगणातली कल्पना आणि खांबांची कल्पना दोन्ही मी तुमच्या नावाने वापरली तर चालेल का? आणि कापडाबद्दल, एक प्रत वसाहतीत ठेवायची तर कापड टिकेल का फ्लेक्सवर छापू?

डभोईचा_मास्तर

माझं नाव नको, ज्यांच्या घरचे खांब त्यांची नावं लिहा, त्यांना विचारून. फ्लेक्स अजिबात नको, पहिल्या पावसात कडबा झाकायला जाईल. जाड मांजरपाट घ्या, पक्का रंग, घडी घालून ट्रंकेत मावेल एवढं. लग्नात मांडवाला लावतील असं करा, मग टिकेल.

निवृत्त_कॅनॉलवाला

मास्तर, राग कसला, मोहाची झाडं आमच्या रेकॉर्डला नव्हतीच, मोबदल्याच्या यादीत असतील तर असतील. मुली, माझ्याकडे तालुक्याच्या दोन जुन्या शीट आहेत, घडीवर फाटल्यात पण वाचता येतात. तू जाशील तेव्हा मी पण येतो, तेवढीच सहल. फक्त डोंगरबिंगर चढायला सांगू नका, गुडघे गेलेत.

डभोईचा_मास्तर

इथं डोंगर कुठला आलाय साहेब, सगळं सपाट. या बिनधास्त. दिवाळीनंतर वेचणी असते, त्याच्या आधी काय ते ठरवा, आणि शीटची आधी झेरॉक्स काढा, तिथं हातोहात फिरली की परत मिळायची नाही.

करदाता_गोत्री

गाडी माझी आहे, पाच माणसं बसतात. मत बदललेलं नाही. पेट्रोल निम्मं निम्मं.